पुऱ्या आवाजानिशी : एडविन मॉर्गन आणि भाषांतराचे काम

भाषांतरविषयक घटकांमध्ये आतापर्यंत आपण भाषांतराच्या व्याख्या पाहिल्या, त्याचे प्रकार पाहिले, आणि 'मूळ' व 'लक्ष्य' भाषा या संज्ञाही परिचयाच्या झाल्या. या संज्ञा उपयुक्त आहेत. परंतु त्यांमुळे असा समज होण्याचा संभव असतो की लक्ष्य भाषा ही आधीच ठरलेली, निर्विवाद गोष्ट आहे आणि भाषांतरकाराचे काम केवळ मूळ संहिता तेथवर नेऊन पोहोचवण्याचे आहे. प्रत्यक्षात कोणत्या भाषेत भाषांतर करायचे, हाच काही वेळा सर्वांत मोठा निर्णय असतो. तो निर्णय जाणीवपूर्वक घेणाऱ्या एका कवीची ओळख करून देण्यासाठी हा लेख लिहीत आहे. गेली अनेक वर्षे मी भाषाविज्ञान शिकवते आहे. या काळात ज्या मोजक्या लेखकांनी मला माझ्याच विषयाकडे नव्याने पाहावयास लावले, त्यांत एडविन मॉर्गन यांचे स्थान वरचे आहे.

मॉर्गन यांचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात झाला. क्लाइड नदीच्या काठचे हे शहर जहाजबांधणी आणि पोलाद यांसाठी जगभर प्रसिद्ध होते. मॉर्गन यांचे वडील भंगार लोखंडाचा व्यवहार करणाऱ्या कंपनीत नोकरीस होते. बालपण शहराला लागून असलेल्या रुदरग्लेन या गावात गेले. १९३७ साली मॉर्गन यांनी ग्लासगो विद्यापीठात प्रवेश घेतला आणि इंग्रजीच्या जोडीला फ्रेंच व रशियन या भाषांचा अभ्यास आरंभला. दुसऱ्या महायुद्धाने या अभ्यासात खंड पाडला. युद्धात शस्त्र हाती घेण्यास त्यांचा तात्त्विक विरोध होता. अखेरीस त्यांनी सैन्याच्या वैद्यकीय पथकात काम करण्याचे स्वीकारले आणि इजिप्त, पॅलेस्टाईन, लेबनॉन या प्रदेशांत युद्धाची वर्षे काढली. परतल्यावर शिक्षण पूर्ण केले. ऑक्सफर्डला जाण्याची संधी चालून आली असताना ती नाकारून १९४७ साली त्यांनी आपल्याच विद्यापीठात अध्यापन पत्करले आणि १९८० मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच शिकवत राहिले. प्रवास त्यांनी पुष्कळ केला, पण घर बदलले ते ग्लासगोच्या आतल्या आत. असा एका जागी स्थिर झालेला मनुष्य रशियन, हंगेरियन, इटालियन, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा कितीतरी भाषांतील कविता आपल्या घरी आणत होता. १९९६ साली प्रसिद्ध झालेला त्यांच्या एकत्रित भाषांतरांचा ग्रंथ पाहिला म्हणजे एवढे काम एका माणसाने केले, यावर विश्वास बसणे अवघड जाते.

त्यांच्या कामाचे मोल समजण्यासाठी स्कॉटलंडची भाषिक परिस्थिती थोडक्यात ध्यानात घ्यावी लागेल. त्या देशात तीन भाषा नांदतात. पहिली गेलिक, ही केल्टिक कुळातील, म्हणजे इंग्रजीहून सर्वस्वी निराळ्या शाखेतील भाषा. दुसरी इंग्रजी, राज्यकारभाराची, शिक्षणाची आणि प्रतिष्ठेची. तिसरी स्कॉट्स, आणि आपल्या विवेचनाचा विषय ही तिसरी भाषा आहे. स्कॉट्स ही इंग्रजीची मुलगी नव्हे, बहीण आहे. प्राचीन इंग्रजीच्या उत्तरेकडील रूपापासून ती वाढली, आणि प्रमाण इंग्रजी दक्षिणेकडे घडली. स्कॉट्स बोलणारा मनुष्य घराला 'हूस' म्हणतो, चर्चला 'किर्क' म्हणतो, मुलाला 'बेर्न' म्हणतो. रात्रीसाठीच्या शब्दात तो 'ख'सारखा एक घर्षक ध्वनी उच्चारतो. हा ध्वनी इंग्रजीने केवळ लेखनात मूक अक्षरांच्या रूपाने ठेवला आहे, उच्चारातून कधीच गमावला आहे. 'हूस' हा उच्चार आजच्या 'हाउस'पेक्षा जुना आहे. म्हणजे शाळेतला मास्तर ज्याला बिघडलेला उच्चार म्हणून हिणवत होता, तो वास्तविक अधिक पुरातन होता. विद्यार्थ्यांनो, हा मुद्दा तुम्ही नीट लक्षात ठेवावा. 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' यांची वाटणी करताना समाज भाषेचा इतिहास पाहत नाही, बोलणाऱ्याची पायरी पाहतो.

एके काळी स्कॉट्स ही स्वतंत्र राज्याची भाषा होती. गेव्हिन डग्लस या कवीने व्हर्जिलचे 'ईनीड' हे लॅटिन महाकाव्य स्कॉट्समध्ये आणले ते १५१३ साली. पुढे १७०७ मध्ये स्कॉटलंडची संसद इंग्लंडच्या संसदेत विलीन झाली, सत्तेचे केंद्र लंडनला गेले, आणि स्कॉट्सची हळूहळू 'बोली' झाली. तिच्यात लिहिणे थांबले असे नाही. रॉबर्ट बर्न्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिला अजरामर गीते दिली. पण त्यानंतर तिला एक ठराविक कोपरा नेमून देण्यात आला: शेत, चूल, बालपणीच्या आठवणी, थोडा विनोद, थोडे रडू. गंभीर विचार करावयाचा, शहराविषयी, राजकारणाविषयी, विज्ञानाविषयी बोलावयाचे, तर इंग्रजीकडे वळावयाचे, असा अलिखित नियम झाला. विसाव्या शतकात ह्यू मॅकडायर्मिड यांनी या नियमाविरुद्ध मोठे बंड केले. मॉर्गन हे त्यानंतरच्या पिढीतले. त्यांनी बंडाचे जाहीरनामे फारसे काढले नाहीत. त्यांनी भाषांतरे केली.

पहिले महत्त्वाचे भाषांतर १९५२ सालचे. 'बेओवुल्फ' हे प्राचीन इंग्रजीतील वीरकाव्य त्यांनी आधुनिक इंग्रजीत आणले. युद्धावरून परतल्यावर लगेच हाती घेतलेल्या या कामाविषयी मॉर्गन यांनी पुढे असे म्हटले की, आपण जी युद्धकविता कधी लिहिली नाही, ती एका अर्थाने हीच होती. या विधानाचा थोडा विचार करू. रुग्णवाहू पथकातील पाच-सहा वर्षांचा अनुभव गाठीशी आहे, पण स्वतःच्या कवितेत तो उतरत नाही. मग हजार वर्षांपूर्वीच्या अनाम कवीच्या ओळीतून तो वाट काढतो. वाळवंटातील त्या वर्षांवरची त्यांची स्वतःची दीर्घ कविता, 'द न्यू दिवान', प्रसिद्ध व्हावयास १९७७ साल उजाडावे लागले. शंभर कवितांची ही माला फारसी कवी हाफिझ याच्या 'दिवान' या काव्यसंग्रहाची आठवण ठेवून रचलेली आहे. मधल्या पंचवीस वर्षांत त्यांना बोलते ठेवण्याचे काम इतरांच्या कवितांनी केले. स्वतःचा आवाज अडला असता दुसऱ्याच्या आवाजात बोलण्याची सोय, हे भाषांतराचे एक कार्य आपल्या व्याख्यांमध्ये सहसा येत नाही. ते येथे नोंदवून ठेवू.

दुसरे भाषांतर १९७२ सालचे, आणि तेच या लेखाच्या केंद्रस्थानी आहे. व्लादिमिर मायकोव्हस्की हा रशियन क्रांतीचा कवी. त्याची कविता शहरी, वाद घालणारी, व्यासपीठावरून गर्जणारी. नवे शब्द बनवणारी, अनपेक्षित यमके जुळवणारी, पानावर जिन्याच्या पायऱ्यांसारखी उतरत जाणारी. १९३० साली त्याने आत्महत्या केली, त्याच्या थोडे आधी लिहिलेल्या त्याच्या कवितेच्या शीर्षकाचा अर्थ 'पुऱ्या आवाजानिशी' असा होतो. मॉर्गन यांनी मायकोव्हस्कीच्या पंचवीस कविता निवडल्या आणि त्यांचे भाषांतर इंग्रजीत न करता स्कॉट्समध्ये केले. संग्रहाला नावही तेच दिले: 'वि द हेल व्हॉइस'. यातील 'हेल' म्हणजे इंग्रजीतील 'होल', सगळा, पुरा.

इंग्रजीत भाषांतर केले असते तर जगभर वाचक मिळाला असता. मग स्कॉट्स का? मॉर्गन यांनी दिलेले कारण भावनिक नव्हते, साहित्यिक होते. स्कॉट्स काव्यपरंपरेत अद्भुत आणि उपरोध यांचे जे मिश्रण आहे, ते मायकोव्हस्कीच्या वृत्तीशी जुळते, तसे इंग्रजीत सहजी आढळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय मायकोव्हस्कीच्या शब्दकसरती आपल्या भाषेला झेपतात का, हे त्यांना पाहावयाचे होते. एक उदाहरण घेऊ. मायकोव्हस्कीची एक प्रसिद्ध कविता अशी आहे: मॉस्कोजवळच्या उन्हाळी घरात कवी भित्तिपत्रके रंगवून थकलेला आहे. तो रोज उगवणाऱ्या आणि मावळणाऱ्या सूर्यावर वैतागतो आणि त्याला ओरडून सांगतो की, असा भटकण्यापेक्षा माझ्याकडे चहाला ये. सूर्य खरोखरच बाग तुडवीत घरात येतो, आणि दोघे कामकऱ्यांप्रमाणे गप्पा मारत बसतात. या भाषांतराला मॉर्गन यांनी 'व्लादिमिर्स फर्ली' असे नाव दिले. 'फर्ली' म्हणजे नवल, अचंबा. स्कॉटलंडच्या जुन्या गाथागीतांमध्ये पऱ्यांच्या राज्यातले काही दृष्टीस पडले म्हणजे हा शब्द येतो. एका शब्दाने काय साधले, पाहा. विसाव्या शतकातील क्रांतिकारक कवीच्या घरी आलेला सूर्य स्कॉटलंडच्या जुन्या लोकपरंपरेत जाऊन बसला. आणि तो जुना शब्दही आठवणींच्या पेटीतून बाहेर येऊन आधुनिक झाला. असा दुहेरी लाभ प्रमाण इंग्रजीतून झाला नसता.

येथे मला अभ्यासकेंद्रावरील एका रविवारची आठवण होते. संपर्कसत्र संपल्यावर एक विद्यार्थी थांबले होते. चाळिशीतले, एस.टी.मध्ये वाहक, रात्रपाळी करून थेट आलेले. त्यांनी विचारले, "मॅडम, भाषांतराच्या प्रश्नात घरचे शब्द आले तर गुण जातील का?" मी त्यांना खरे ते सांगितले. परीक्षेत प्रमाण मराठीची अपेक्षा आहे, हा संकेत आहे आणि तो पाळावा. मात्र संकेत म्हणजे निसर्गनियम नव्हे. ते काही वेळ वही हातात फिरवत राहिले आणि म्हणाले, "पण आम्ही विचार तर घरच्याच शब्दांत करतो. मग पेपर लिहिताना आधीच एक भाषांतर होते, आणि तेवढा वेळ कमी पडतो." या वाक्यावर मी काही उत्तर दिले नाही, कारण ते बिनचूक निरीक्षण होते. तुमच्यापैकी अनेकांनी, अनेक वर्षांच्या खंडानंतर पुन्हा लेखणी हाती घेतली, तेव्हा हाच अनुभव घेतला असेल. प्रश्नपत्रिकेला दिलेल्या वेळेत हे पहिले भाषांतर कोणी धरलेले नसते.

बोलीला मराठी साहित्यात स्थान नाही, असे म्हणता येणार नाही. बहिणाबाई चौधरी यांच्या कविता १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या आणि सगळ्या महाराष्ट्राने त्या डोक्यावर घेतल्या. मॉर्गन यांचा मायकोव्हस्की ज्या वर्षी प्रसिद्ध झाला, त्याच १९७२ साली नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' आला आणि मुंबईच्या एका वस्तीची भाषा मराठी कवितेत दाखल झाली. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. आपण बोलीला स्वतःचे दुःख सांगण्याची परवानगी देतो, स्वतःचा विनोद करण्याची देतो, कादंबरीतील संवादांची देतो. पण ग्रीक शोकांतिका, रशियन कविता, तत्त्वज्ञानाचा एखादा ग्रंथ मालवणीत, वऱ्हाडीत किंवा अहिराणीत आणावा, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जे आपले आहे ते बोलीत चालेल. जे जगाचे आहे ते प्रमाण भाषेत यावे, अशी ही वाटणी आहे. मॉर्गन यांनी नेमकी हीच वाटणी अमान्य केली. स्कॉट्समध्ये स्कॉटलंडविषयी लिहून तिची योग्यता सिद्ध होत नाही. मॉस्को, पॅरिस, अथेन्स येथील माणसे तिच्यात बोलू लागली म्हणजे ती होते, अशी त्यांची कृती सांगते.

ही भूमिका त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. १९९२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी रोस्ताँ यांचे 'सिरानो द बेर्जराक' हे फ्रेंच नाटक ग्लासगोच्या रस्त्यावर ऐकू येणाऱ्या स्कॉट्समध्ये, तेही यमकबद्ध पद्यात आणले आणि ते रंगभूमीवर अतिशय गाजले. त्यानंतर त्यांनी रासीनच्या 'फेद्र'ला हात घातला. फ्रेंच अभिजात नाटकांत भाषेचा संयम आणि शिष्टता यांबाबत रासीनइतका काटेकोर लेखक विरळा. ग्रीक राणीची ती शोकांतिका स्कॉट्समध्ये २००० साली प्रसिद्ध झाली आणि पुढील वर्षी तिला ऑक्सफर्डचा प्रतिष्ठित भाषांतर पुरस्कार मिळाला. ज्या शहरात शिकायला जाण्याचे तरुणपणी नाकारले, त्याच शहराच्या नावाचा सन्मान घरच्या भाषेतील कामाला मिळाला, हा योग मला फार बोलका वाटतो.

आता मॉर्गन यांच्या आयुष्यातील दुसऱ्या एका धाग्याकडे वळू. तो व्याकरणाशी निगडित आहे, म्हणून माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे.

१९६८ साली 'द सेकंड लाइफ' हा मॉर्गन यांचा संग्रह आला आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते खऱ्या अर्थाने कवी म्हणून प्रस्थापित झाले. त्यात ग्लासगोच्या कविता आहेत, यंत्राच्या व अक्षरांच्या खेळांच्या कविता आहेत, आणि प्रेमकविताही आहेत. त्यांपैकी 'स्ट्रॉबेरीज' ही कविता स्कॉटलंडमधील अनेक शाळकरी मुलांना ठाऊक असते. उकाड्याची दुपार, उघड्या दाराच्या पायरीवर समोरासमोर बसलेली दोन माणसे, मांडीवर निळ्या बशा, साखरेत बुडवलेली फळे, आणि दूर डोंगरांवर जमत आलेले वादळ. एवढाच प्रसंग. कवितेत 'मी' आहे, 'तू' आहे, 'आपण' आहे. ती दोघे स्त्री की पुरुष, हे कोठेही सांगितलेले नाही. इंग्रजीत प्रथम आणि द्वितीय पुरुषाला लिंगभेद नसल्यामुळे ते सांगावे लागतच नाही.

हे न सांगणे हा केवळ काव्यगुण नव्हता. मॉर्गन समलिंगी होते. पुरुषांमधील असे संबंध इंग्लंड व वेल्समध्ये १९६७ साली कायद्याने गुन्ह्याच्या यादीतून वगळले गेले. स्कॉटलंडमध्ये मात्र त्यासाठी १९८० साल उजाडावे लागले. तेव्हा मॉर्गन साठ वर्षांचे होते. (आपल्या देशात ब्रिटिशांनी १८६० साली दंडसंहितेत घातलेले तशाच प्रकारचे कलम सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत २०१८ मध्ये निष्प्रभ केले, हे तुम्ही जाणताच.) म्हणजे विद्यापीठातील नोकरीची सगळी वर्षे मॉर्गन यांनी अशा कायद्याच्या छायेत काढली, ज्यामुळे प्रेमकवितेतील एक सर्वनामही त्यांची नोकरी, कदाचित स्वातंत्र्यही हिरावून घेऊ शकले असते. १९९० साली, सत्तराव्या वर्षी, मॉर्गन यांनी ही गोष्ट जाहीरपणे सांगितली. तोपर्यंत त्यांना आश्रय दिला तो इंग्रजी सर्वनामाने.

ही कविता मराठीत आणण्याचा प्रयत्न मी केला आहे. माझ्या प्रबंधाचा विषय मराठी क्रियापदाची लिंगवचनसुसंगती हा असल्यामुळे अडचण कोठे येणार हे मला आधीच दिसत होते. मराठीत 'तू येतोस' किंवा 'तू येतेस' यांपैकी एक निवडावेच लागते; 'तू बसला होतास' किंवा 'तू बसली होतीस' यांतूनही सुटका नाही. हा लेख वाचताना, लेखिका स्त्री आहे हे तुम्हाला पहिल्याच परिच्छेदात 'शिकवते आहे' या क्रियापदाने सांगून टाकले. मराठी क्रियापद गुपित ठेवत नाही. तरीही फटी आहेत, आणि त्या शोधणे हा भाषांतरकाराचा खरा अभ्यास असतो. 'आपण बसलो होतो' यात लिंग दिसत नाही. 'तू पाहिलेस' यात क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माच्या तंत्राने चालते, त्यामुळे कर्ता झाकलेला राहतो. 'तू येशील' हा भविष्यकाळ, 'ये' ही आज्ञा, 'तू यावेस' हा विध्यर्थ, हे सगळे मौन पाळतात. 'तुम्ही' म्हटले तरी लिंग लपते, पण प्रेमातली जवळीक जाते. अशा पाऊलवाटांनी कविता बरीचशी पार होते. परंतु साधा वर्तमानकाळ, 'येतोस' की 'येतेस' हे ठरवावे लागणारा तो क्षण, तेवढा प्रमाण मराठीत झाकता येत नाही.

आणि येथे मला माझ्या आईची बोली आठवली. आम्ही खानदेशातले, घरात अहिराणी. आई मला आणि माझ्या भावाला एकाच वाक्यात हाक मारून विचारत असे, "तू काय करस?" अहिराणीत 'मी करस', 'तू करस', 'तो करस', 'ती करस', वर्तमानकाळी क्रियापदाला स्त्री-पुरुष भेद नाही. प्रमाण मराठीत जो क्षण मला झाकता येत नव्हता, तो माझ्या घरच्या बोलीत अगदी सहज झाकता येत होता. शाळेत जी भाषा आम्ही दाराबाहेर काढून ठेवत होतो, तिच्याजवळ या कवितेला हवे असलेले व्याकरण होते. मॉर्गन यांनी मायकोव्हस्कीसाठी स्कॉट्स का निवडली, हे मला प्रस्तावना वाचून समजले होते. पटले ते या ठिकाणी. प्रत्येक बोलीजवळ अशी एखादी वस्तू असते, जी प्रमाण भाषेजवळ नसते. ती कोणती, हे मात्र भाषांतर करावयास बसल्याशिवाय कळत नाही.

एक प्रश्न तुम्ही विचारू शकाल. कवीने स्वतःच पुढे सर्व उघड केले असताना आता भाषांतरकाराने ते का झाकावे? हा प्रश्न योग्य आहे आणि त्याची दोन प्रामाणिक उत्तरे संभवतात. उघडपणे दोन्ही क्रियापदे पुल्लिंगी करणे हा एक मार्ग. त्याने कवीला त्या काळी नाकारलेला मोकळेपणा मिळतो. दुसरा मार्ग ते मौन तसेच जपण्याचा. मी दुसरा मार्ग पत्करला. त्या मौनात एका माणसाच्या आयुष्याचा इतिहास आहे, आणि त्याच मौनामुळे कोणीही वाचक किंवा वाचिका त्या पायरीवर स्वतःला बसवू शकते. तुम्ही पहिला मार्ग निवडलात तर तुमच्याजवळही सबळ कारण असेल. मात्र निवड करावी लागेल. भाषांतरात व्याकरणाचा निर्णय हा अनेकदा नीतीचाही निर्णय असतो.

मॉर्गन यांची आणखी एक कविता या संदर्भात उल्लेखनीय आहे. 'द फर्स्ट मेन ऑन मर्क्युरी' या १९७३ सालच्या संग्रहातील कवितेत पृथ्वीवरील अंतराळवीर बुध ग्रहावर उतरतात आणि तेथील रहिवाशांशी वरच्या पट्टीत, साहेबी थाटात बोलू लागतात. रहिवासी आपल्या भाषेत उत्तरे देतात. ओळीगणिक दोन्ही भाषा एकमेकींत मिसळत जातात, आणि शेवटी रहिवासी सफाईदार इंग्रजीत पाहुण्यांना परत जाण्यास सांगतात, तर पाहुणे बुधाची भाषा बोलू लागलेले असतात. वाचताना हसू येते. हसू ओसरल्यावर ध्यानात येते की, दुसऱ्याच्या भाषेशी गाठ पडल्यावर आपली भाषा पूर्वीसारखी राहत नाही, हे भाषांतराचे तत्त्व यात सांगितले आहे. आणि साम्राज्याचा गर्वही उतरवला आहे.

१९९९ साली स्कॉटलंडला स्वतःची संसद पुन्हा मिळाली. सुमारे तीनशे वर्षांनी. २००४ मध्ये मॉर्गन यांना राष्ट्राचा पहिला 'मॅकर', म्हणजे राष्ट्रकवी, नेमण्यात आले. 'मॅकर' हा कवीसाठीचा जुना स्कॉट्स शब्द. त्याचा अर्थ 'घडवणारा'. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एडिंबरो येथील संसदेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनासाठी मॉर्गन यांनी कविता लिहिली. कर्करोगाने त्यांना ग्रासलेले असल्यामुळे ती लिझ लॉकहेड या कवयित्रीने वाचली. कविता इंग्रजीत आहे. पण लोकप्रतिनिधींना सज्जड शब्दांत बजावताना, भित्र्यांची टोळी आम्हाला नको, असे सांगण्याची वेळ येते, तेव्हा भित्र्यांसाठी मॉर्गन यांनी वापरलेला शब्द ग्लासगोच्या गल्लीत मुले एकमेकांना म्हणतात तो स्कॉट्स शब्द आहे. राष्ट्राच्या सर्वोच्च सभागृहात तो त्या दिवशी उच्चारला गेला. पुढे २०११ च्या जनगणनेत स्कॉट्सविषयी प्रथमच प्रश्न विचारण्यात आला, तेव्हा १५ लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला ती बोलता येते असे नोंदवले. मॉर्गन ते पाहण्यास नव्हते. ऑगस्ट २०१० मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मृत्युपत्राद्वारे त्यांनी ठेवलेल्या रकमेतून आज स्कॉटलंडमधील तरुण कवींना पुरस्कार दिला जातो.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, या लेखाच्या अनुषंगाने एक स्वाध्याय सुचवते. त्याला गुण नाहीत. तुमच्या अभ्यासक्रमातील कोणत्याही भाषेतून आलेली, तुम्हाला आवडलेली एक परकी कविता घ्या. आठ-दहा ओळी पुरेत. प्रथम तिचे प्रमाण मराठीत भाषांतर करा. नंतर तीच कविता तुमच्या घरात बोलल्या जाणाऱ्या मराठीत, किंवा घरची भाषा मराठी नसेल तर त्या भाषेत, आणा. दोन्ही पाने शेजारी ठेवा आणि दुसऱ्या पानावर असे काय आले जे पहिल्यावर येऊ शकले नाही, त्याची यादी करा: एखादा शब्द, एखादा प्रत्यय, एखादे क्रियापद. यादी लहान असली तरी चालेल. संपर्कसत्राला येताना दोन्ही पाने सोबत आणा, आणि दुसरे पान वर्गात मोठ्याने वाचण्याची तयारी ठेवा.